तरतूद झालेली आहे

१ मार्च, संध्याकाळ

आज देशाचं बजेट, यंदा महिनाभर उशिरा. दुकानातल्या टीव्हीवर सगळं भाषण उभ्याने ऐकलं. आमचं दुकान बाथरूम फिटिंगचं, नळ, शॉवर, कमोड वगैरे. मालक भाषणभर जांभया देत होता. एकट्या मला कळलं. आकडे मला वश आहेत हे मला लहानपणापासून माहीत आहे. कोणी विचारलं नाही, ही वेगळी गोष्ट.

परदेशी नळांवरची ड्यूटी कमी झाली. ऐकल्याबरोबर दुकानाच्या दारात जाऊन मोठ्याने जाहीर केलं, नळ स्वस्त झाले म्हणून. निव्वळ जनजागृती. नेमका कालच नळ नेलेला एक आडदांड गृहस्थ तिथे उभा. त्याने फरक परत मागितला. मालक म्हणाला, हा जुना स्टॉक, नवा माल येईल तेव्हा बघू. गृहस्थ म्हणाला, मग हा कशाला बोंबलतोय? आणि डिस्प्लेवरचा हँड शॉवर काढून माझ्या कानशिलात हाणला.

बजेटचा सामान्य माणसावर थेट परिणाम होतो म्हणतात, तो असा. डाव्या कानावर.

कानात शिट्टी वाजत असताना एक निरीक्षण. पाइपांवरचा टॅक्स वाढला, तर मालकाने भाषण संपायच्या आत पाइपांचे भाव वाढवले. तेव्हा स्टॉक नवा. एकाच रॅकवरचा माल, स्वस्त व्हायचं तर जुना, महाग व्हायचं तर ताजा. हे भाषणात नव्हतं.

संकल्प: घराचंही बजेट मांडायचं. शिस्त म्हणून काही आहे की नाही?

२ मार्च

जमा बाजू तयार. माझा पगार आणि हिचा पगार. ही दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. पण तो झाला महसूल. धोरण माझ्याकडे.

खर्चाकडे वळणार एवढ्यात वरच्याने पुन्हा जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घातलं. वरचा म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारा म्हातारा. एकटाच असतो. पाणी थेट दाराबाहेर अडकवलेल्या माझ्या इस्त्रीच्या शर्टवर. तळपायाची आग मस्तकात. तसाच ओला शर्ट घेऊन वर गेलो आणि त्याच्या तोंडावर फडकवला. त्याने बरगडीत काठी खुपसली. म्हणाला, पुन्हा आलास तर तंगडं मोडून हातात देईन. वय सत्तरच्या पुढे, पण काठी आहे, म्हणजे सशस्त्र.

खाली आल्यावर ही म्हणाली, कुंड्यांखाली ताटल्या ठेवा म्हणून नीट सांगितलं असतं तर? हिला परराष्ट्र धोरण कळत नाही.

३ मार्च, रविवार

बजेट सादर केलं. सभागृह म्हणजे स्वयंपाकघर. सदस्य तीन: मी, ही आणि बुक्की. बुक्की आमची मुलगी, वय सोळा, बॉक्सिंग करते. पाळण्यात असतानाच डॉक्टरांचा चष्मा फोडला होता, तेव्हापासून हे नाव.

मंत्री बॅग घेऊन येतात, म्हणून मीही दुकानातली सॅम्पलची बॅग आणली. ओट्यावर ठेवताना उघडली. सहा पितळी नळ उजव्या पायावर. अंगठ्याचं नख काळंनिळं. भाषण थांबवलं नाही.

घराच्या कर्जाचा हप्ता सगळ्यात आधी कापला. देशाचंही असंच असतं, हे समजावून सांगितलं, की जुन्या कर्जाचं व्याज पहिल्यांदा ताट ओढून घेतं आणि उरल्यासुरल्यात सगळे मारामाऱ्या करतात. मग गॅस, किराणा, फी, औषधं. क्रीडा खात्यात बुक्कीच्या नव्या हेडगार्डसाठी तरतूद. तिच्या जुन्या हेडगार्डचा फोम बसलाय आणि हनुवटीचा पट्टा तुटल्यामुळे ती बुटाची लेस बांधते. बुक्कीने टाळी वाजवली. सर्वांत मोठी तरतूद संरक्षणाला, म्हणजे मुख्य दारावर लोखंडी सेफ्टी डोअर. वरचा तंगडं मोडायला खाली आला तर?

हिने विचारलं, यावर मतदान असतं ना? म्हटलं, असतं तर. बजेट सभागृहाने फेटाळलं तर सरकारच पडतं, लोकशाहीचं सौंदर्य ते हेच. महिनाअखेरीस घेऊ, उपचार म्हणून. ही बरं म्हणाली. फार गोड म्हणाली.

८ मार्च

दरवाजा आला. चौकटीपेक्षा बोटभर मोठा. फॅब्रिकेटर म्हणाला, माप तुम्हीच दिलं होतंत. दिवसभर घणाचे घाव, ठिणग्या, भिंतीचे पोपडे. मी एका बाजूने धरून ठेवलेला असताना दरवाजा निसटला आणि त्याच उजव्या पायावर आला. बोंब अशी मारली की वरचा जिन्यातून डोकावला. शत्रूने आपलं नुकसान पाहू नये म्हणून हसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं.

साधी कडी बरी नाही दिसत, म्हणून आपोआप लागणारं लॅच घेतलं. ओढला की बंद, बाहेरून किल्लीशिवाय साक्षात ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही. त्यामुळे खर्च वाढला. पुरवणी मागणी. पैसे क्रीडा खात्यातून वळवले. तात्पुरते. तरतूद कागदावर आहे तशीच आहे, तिला हात लावलेला नाही.

१२ मार्च

हिने हेडगार्डचं विचारलं. शुक्रवारी सेमीफायनल. म्हटलं, तरतूद झालेली आहे. म्हणाली, हो, पण हेडगार्ड कुठाय? पुन्हा शांतपणे सांगितलं, तरतूद झालेली आहे, आणि कागद दाखवला. म्हणाली, मग पोरीच्या डोक्याला हा कागद बांधून पाठवू का? आणि हातातला डाव भिरकावला. भिंतीवर आदळून कानाला लागला. डाव्याच.

नंतर कोचचा फोन. त्यालाही सांगितलं, तरतूद झालेली आहे. त्याने फोन ठेवून दिला. बहुधा प्रभावित झाला असावा.

१५ मार्च

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

पहिल्या फेरीत बुक्कीने धमाल केली. समोरच्या मुलीच्या नाकावर दोन सरळ ठोसे, रक्त आलं. मी खुर्चीवर चढून ओरडलो, फोड तिला! शेजारी त्या मुलीचा बाप बसलाय हे कोणाला माहीत? त्याने माझी खुर्ची ओढली. मी पडता पडता त्याचे केस धरले. दोघंही खाली. लोकांनी सोडवलं तोवर दुसरी फेरी सुरू झाली होती.

लेस सुटली. हेडगार्ड पुढे सरकून बुक्कीच्या डोळ्यांवर आलं. बुक्कीकडे पाठ असलेल्या पंचाला दिसायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात समोरच्या मुलीने चार-पाच ठोसे घातले आणि माझी पोर आंधळ्यासारखी हात फिरवत होती. भुवई फाटली. रक्त गालावरून जर्सीवर, जर्सीवरून खाली. माझ्या काळजाचं पाणी झालं.

पट्टी बांधून ती पुन्हा उभी राहिली आणि गुणांवर जिंकली. कशी, देव जाणे. मग टाके. हिने तिचा हात धरला होता, मी दारात उभा. डॉक्टर म्हणाले, फायनलपर्यंत जखम भरेल. कोचने माझी कॉलर धरून मला भिंतीला टेकवलं. म्हणाला, धड हेडगार्ड नसेल तर तीस तारखेला मी तिला रिंगमध्ये चढू देणार नाही, मग बसा तुमच्या कागदाला ओवाळत.

घरी येताना बसमध्ये बुक्कीला म्हटलं, पुढच्या वर्षी तरतूद दुप्पट करतो. तिने काचेकडे तोंड फिरवलं.

दोष तसा लेसचा आहे.

१८ मार्च

तूट भरून काढायची तर कर्ज. सरकारं हेच करतात. मालकाकडे उचल मागितली. नेमकं त्याच वेळी एका गिऱ्हाइकाने नळाचा भाव विचारला आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, की स्वस्त झालाय, पण स्टॉक जुना आहे म्हणून नाही. गिऱ्हाईक उठून गेलं. मालकाने वॉशबेसिनचा स्टँड फेकून मारला. वाकलो म्हणून वाचलो, मागचा आरसा गेला. तो आता पगारातून कापणार. म्हणजे महसुलातही घट.

दरवाजा विकायचा विचार केला. फॅब्रिकेटर फोनवर हसला. तुमच्या मापाचं दार जगात दुसऱ्या कोणाला लागणार नाही, म्हणाला.

२१ मार्च

कामावरून येतोय, तर जिन्यात वरचा आणि बुक्की कुजबुजताहेत! तो तिच्या टाक्यांकडे बोट दाखवत होता. मला बघून दोघं गप्प. शत्रू थेट घरात फितुरी करतोय. डोकंच फिरलं. धावत वर गेलो. त्याने नडगीवर काठी हाणली. मी काठी धरली. तो ओढतोय, मी ओढतोय, तो शिव्या देतोय, मीही काही कमी नाही. मग त्याने काठी सोडून दिली. अचानक. ही युद्धनीती झाली का?

सात-आठ पायऱ्या गडगडत थेट आमच्या लोखंडी दारावर. कपाळाला टेंगूळ. दरवाजाला ओरखडाही नाही, क्वालिटी उत्तम. ही बाहेर आली आणि मला ओलांडून वर गेली. त्याला विचारलं, लागलं नाही ना तुम्हाला? पडलो मी. पाणी दिलं त्याला.

३० मार्च, दुपार

जिंकलो!

बुक्की रिंगमध्ये आली तीच नव्या लाल हेडगार्डमध्ये. जाड फोम, रुंद पट्टा. बघून मला भरून आलं. हिनेच किराण्यातून काटकसर करून घेतलं असणार. शेवटी तरतूद केली की ती आपला रस्ता शोधते. शेजारच्या माणसाला हे मी सविस्तर समजावलं. तो उठून दुसरीकडे बसला.

डोक्यावर ठोसे बसत होते, पण नुसते थडथड वाजत होते. तिसऱ्या फेरीत बुक्कीने डावा दाखवून उजवा असा काही घातला की समोरची पाठीवर आडवी. पंचाने हात वर केला. मी ढसाढसा रडलो. खरंच रडलो. मग उभं राहून हॉलमध्ये चार शब्द बोललो, नियोजनाचं महत्त्व या विषयावर. कोणीतरी पाण्याची बाटली फेकून मारली. डावा कान आता ओळखीचा झालाय लोकांच्या.

३१ मार्च, संध्याकाळ

मतदान झालं.

बाजूने एक, विरुद्ध दोन. मी म्हटलं, अगं, यशस्वी बजेट आहे, पदक आलंय घरात! तेव्हा बुक्की माझ्याशी बोलली. पंधरवड्यात पहिल्यांदा. हेडगार्ड वरच्या आजोबांनी घेऊन दिलं. त्या दिवशी जिन्यात त्यांनी टाके कसले विचारलं, तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत तिच्याबरोबर दुकानात गेले, तीन हेडगार्ड घालून बघायला लावली आणि प्रत्येकावर आपल्या बोटांनी टकटक करून लाल पसंत केलं. आईला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परत करायला लावलं असतं, म्हणाली. चिडून म्हणाली असती तरी चाललं असतं. सहज म्हणाली.

मी म्हटलं, हा देशद्रोह आहे. मी राजीनामा देतो. ही म्हणाली, द्यायचा नसतो, सरकार पडलंच आहे, तुम्हीच तर सांगितलं होतं. पैशांच्या कपाटाची किल्ली बुक्कीने आधीच गळ्यात घातली होती, पदकाशेजारी. मी सभात्याग केला. दरवाजा असा आपटला की जिना हादरला.

लॅच लागलं. दाराची किल्ली आत. मोबाईल आत. चपला आत. बाहेर मी आणि खिशातली ही रोजनिशी.

लाथ मारली. उजव्याच पायाने मारली, विसरलो. वळवळत खाली बसलो. आत कोणीतरी टीव्ही मोठा केला. घण आणून मारला तरी हा दरवाजा उघडणार नाही हे मला खात्रीने माहीत आहे, कारण सगळा पैसा त्यातच आहे.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. मी दोन्ही हात कानांवर घेतले. वरचा हळूहळू खाली आला. हातात उशी. लादी गार असते, म्हणाला. उशी ठेवली. बुक्कीची भुवई कशी आहे विचारलं. भरली, म्हटलं. मग तो पुन्हा एकेक पायरी चढत वर गेला. मध्ये दोनदा दम खायला थांबला. आभार मानायचे राहिले. तसा मी रागात होतो.

आत्ता त्याने कुंड्यांना पाणी घातलंय. जिन्याच्या जाळीतून ठिबकतंय, वहीवर, या ओळीवर. निषेध नोंदवायला हवा. पण बसलोय त्याच्याच उशीवर.

थोडा सरकून बसलो.