ताईची डाव्या हाताची सुरी

४ जानेवारी

ताईने आज सुरी फेकली. माझ्या अंगावर नाही, ओट्याखाली. गाजर घरंगळलं, त्याच्यामागे ती वळली, तोल गेला, कसंबसं टेबल धरलं. आणि मग फेकली. आवाज ऐकून मी शेडमधून धावत आलो तर ही खुर्चीत, तोंड खिडकीकडे. गाजर दाराशी. उचललं, धुतलं, चिरून टाकलं. तेच तिला जास्त लागलं बहुतेक.

जन्मभर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोत्यांनी कांदे चिरणारी बाई! अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात नुसता मांडीवर ठेवलेला असतो. ती त्याला हात म्हणत नाही. 'हे' म्हणते. हे जरा उशीवर ठेव. हे गार पडलंय.

७ जानेवारी

मी सूप केलं. ताई म्हणाली, यात पोहायला शिकता येईल. म्हणजे आज बरी आहे.

११ जानेवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. काठी धरून ताई अंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. बाई खूश. ताईने संधी साधून विचारलं, मी माझ्या घरी एकटी राहू शकेन का? बाई म्हणाल्या, उठणं-बसणं, अंघोळ, कपडे हे जमायला लागलंय. पण स्वतःपुरतं रांधता आलं पाहिजे. आयतं कोण आणून देणार रोज?

मला वाटलं होतं तो विषय संपला. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तिच्या दोन खोल्या, बंदच आहेत तेव्हापासून. इथे मी न्हाणीघरात आधाराला दांडी बसवली, मागची खोली रंगवली, तिचा पलंग उंच केला. ते सगळं चार दिवसांच्या पाहुणीसाठी केलं नव्हतं. पण तसं मी तिला कधी बोललोही नाही म्हणा.

बाई गेल्यावर तिने मला हाक मारली. छोट्या! साठीला आलोय, पण तिच्या तोंडी छोट्याच. म्हणाली, "जगभरच्या लोकांना सुऱ्या करून देतोस ना? मग मला एक कर. एका हाताची."

मी म्हटलं, करतो.

१५ जानेवारी

रोजची सुरी एका हाताने का चालत नाही, ते दोन दिवस माझाच उजवा हात कमरेला बांधून पाहिलं. मनगट पुढे-मागे न्यावं लागतं आणि जिन्नस पळतो. तो धरायला दुसरा हात हवा. म्हणजे मूठ पात्याच्या मागे नको, वर हवी. पातं खालून डोलखुर्चीच्या पायासारखं गोल. वरून दाबायचं आणि डोलवायचं, बस्स. आणि चिरायच्या पाटाला दोन खिळे, टोकं वर, त्यात कांदा खोचून बसवायचा. कोपऱ्याला काठ, पावाचा तुकडा अडकवायला.

पाट आज झाला. ताईने खिळ्यांत बटाटा खोचला आणि बराच वेळ बघत बसली. म्हणाली, बिचारा.

२० जानेवारी

नव्या पोलादाची पहिली सुरी तिच्या हातात दिली. दिसायला झकास. तिने चार वेळा दाबली आणि खाली ठेवली. जड आहे. डाव्या हातात अजून बळ नाही. कोणाला काकडी कापून दाखवायला बरी आहे, म्हणाली.

२६ जानेवारी

दुसरी मुद्दाम पातळ घेतली. भट्टीतून काढून तेलात बुडवली आणि टिंग! बारीक आवाज. तो आवाज आला की पातं गेलं. पात्याला कडेपासून मध्यापर्यंत चीर. एवढं पातळ पातं तापवून गार करायचं म्हणजे ते वाकडं तरी होणार नाहीतर तडकणार.

खोटं कशाला बोलू. चीर बघून हळहळलो खरा, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. आणखी आठवडाभर तरी ती इथे आहे.

३० जानेवारी

संग्राहक आला होता. आधी घड्याळं जमवायचा, मग कुलपं, आता जुन्या सुऱ्यांवर आलाय. माझ्या शेडच्या भिंतीवरच्या निम्म्या सुऱ्या त्यानेच कुठून कुठून शोधून दिल्यात. मी नव्या मुठी बसवतो, गंज काढतो, मग काही त्याच्या घरी जातात, काही माझ्याकडे राहतात. दोघंही वेडे.

आज तो नेमका स्वयंपाकघरात चहाला बसला आणि त्याची नजर ताईच्या सुरीवर गेली. तिची मोठी सुरी, वसतिगृहातली. बंद पडलेल्या एका जुन्या कारखान्याचा छाप, मुठीजवळ अर्धवट पुसलेला. धार लावून लावून पातं झिजलंय. मुठीकडे अजून तळहाताएवढं रुंद, टोकाकडे अगदी निमुळतं. रंग काळा-निळा, कांद्याच्या रसाने चढलेला. तो उठून उजेडात गेला. बोटाने पात्यावर टिचकी मारली, कान लावला. म्हणाला, असं पोलाद आता कोणी करत नाही, ही भिंतीवर पाहिजे. बदल्यात माझ्याकडची कुठलीही उचला.

ताई म्हणाली, बघू द्या इकडे. डाव्या हातात घेतली. उलटी धरली, सुलटी धरली. मग माझ्याकडे केली. "हिचीच कर. ही हलकी आहे."

संग्राहक चहा प्यायचा थांबला. जुनी सुरी कापायची? आम्ही दोघं आयुष्यभर नेमकं उलटं करत आलो! वाकलेली सरळ करायची, मोडलेली जोडायची. मी तिला सांगायला लागलो की दुसऱ्या पोलादाची करून पाहतो, थोडा वेळ दे. तिने ऐकूनच घेतलं नाही. भिंतीवर टांगून मी तिच्याकडे बघत बसू का, म्हणाली. टांगून ठेवलेली मी एक पुरे की, असंही.

जाताना तो फाटकाशी थांबला. मला वाटलं सुरीबद्दल काही बोलेल. म्हणाला, तुझी बहीण फार एकटी पडेल रे तिकडे.

मी म्हटलं, ऐकणारी आहे का ती?

२ फेब्रुवारी

कापली.

५ फेब्रुवारी

त्या दिवशी एकाच शब्दावर थांबलो, आज लिहितो. पातं शिकंज्यात धरलं आणि ग्राइंडर सुरू करायच्या आधी मी शेडचं दार लावून घेतलं. उगाच. ती काही बघायला येणार नव्हती. टोकाकडचा भाग गेला. मुठीकडचा रुंद तुकडा ठेवला. दोनदा घासला की पाण्यात बुडवायचा. पातं तापून निळं पडलं की जुनं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेला आणि धार मेली. म्हणून घाई नाही. मुठीसाठी भोकं पाडताना ड्रिल मोडलं, दुसरं लावलं, तेही मोडलं. असलं चिवट पोलाद.

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईने शिक्षण सोडून वसतिगृहात काम धरलं ते माझ्यासाठी. संध्याकाळी यायची तर अंगाला कांद्याचा वास. मी तिच्याजवळ अभ्यासाला बसायचो नाही त्या वासामुळे. ती उठून खिडकी उघडायची. मग तिचं लग्न, मुलगी, भावोजींचं आजारपण. सगळं झालं आणि ती वसतिगृहात जातच राहिली. निवृत्त झाली तेव्हा तिथून एवढी एक सुरी मागून घेतली.

आज सुरीचा कापलेला तुकडा हातात धरला होता. फेकवेना. ठेवला एका डब्यात.

१२ फेब्रुवारी

भाचीचा फोन. ती दूरच्या शहरात. मामा, आईला तुझ्याकडेच राहू दे, मला झोप तरी लागेल. मी म्हटलं, तूच सांग तिला. तिने सांगितलं. ताईचं उत्तर मला शेडपर्यंत ऐकू आलं. तू तुझं पोर सांभाळ, मी माझा हात सांभाळते.

१९ फेब्रुवारी

मूठ लाकडाची. तिच्या डाव्या मुठीचा ठसा ओल्या मातीत घेतला, त्यावरून कोरली. अंगठ्याला खळगा. पॉलिश कागद बारीक, मग त्याहून बारीक.

२२ फेब्रुवारी

अजून पॉलिश.

२५ फेब्रुवारी

मूठ परत सोडवली. खळगा जरा खोल हवा होता.

२७ फेब्रुवारी

ताई आज पहिल्यांदा शेडमध्ये आली. काठी टेकत, अंगण ओलांडून, दगडी पायरी चढून. मी मूठ घासत होतो. तिने स्टूल मागितलं, बसली. भिंतीवरच्या सुऱ्या बघितल्या एकेक. एवढ्या सुऱ्या आणि घरात कांदा चिरायचा कंटाळा, म्हणाली. मी हसलो. मग तिने हात पुढे केला. मी सुरी दिली. तिने मूठ आवळून पाहिली, अंगठा खळग्यात बरोबर बसला.

"छोट्या, सुरी केव्हाच झालीय. तूच थांबलायस."

मी म्हटलं, अजून तेल द्यायचंय.

ती म्हणाली, "मला इथे काही कमी नाही. पण इथे मी बसून असते. तू वाढतोस, मी खाते. असं किती वर्षं?"

मला म्हणायचं होतं की तू आल्यापासून संध्याकाळी मला घरात येऊन दिवा लावावा लागत नाही, तो लागलेलाच असतो. मी तेलाची बाटली उघडली.

६ मार्च

व्यायामाच्या बाईंसमोर ताईने कांदा, बटाटा, गाजर, कोबी चिरून दाखवले. कांदा खिळ्यांत खोचला, सुरी वर ठेवली, दाबली, डोलवली. कचकच नाही, मऊ आवाज. तुकडे वेडेवाकडे. तिला ते अजिबात आवडले नाहीत, एकेक तुकडा सुरीच्या कडेने बाजूला करून परत बारीक करत बसली. बाई म्हणाल्या, अहो पुरे, पास! ताई म्हणाली, थांबा, हे कोणाला वाढण्यासारखे नाहीत.

मग सूप तिने केलं. घट्ट. बाईंनी दोनदा घेतलं. मीही.

१० मार्च

ताईला तिच्या घरी सोडून आलो. संग्राहकाची गाडी होती. त्याने पाट गुंडाळायला घरून जुनी चादर आणलेली. खोल्यांत कोंदट वास. मी खिडक्या उघडल्या, न्हाणीघरात दांडी ठोकली, गॅसची नळी बदलली, दाराची कडी सैल केली. शेजारीण किल्ली ठेवून घ्यायला तयार आहे, रोज सकाळी डोकावेल. आणखी काही करायचं राहिलंय का बघत मी उगाच फिरत होतो. शेवटी ताईच म्हणाली, जा आता, अंधार पडायच्या आत पोच.

जिना उतरताना आतून सुरीचा आवाज आला. लगेच लागली कामाला!

११ मार्च

मागच्या खोलीची चादर काढली. परत घातली.

२४ मार्च

रविवारी जेवायला बोलावलं होतं तिने. चिरणं, फोडणी, सगळं एका हाताने. मला उठू दिलं नाही. तिने वाढलं, मी खाल्लं. चव तीच, वसतिगृहाच्या दिवसांतली, तिखट जरा जास्त. निघताना डबा दिला. डब्याचं झाकण लावायला मात्र माझ्याकडे सरकवला. मग दोघंही हसलो. तिचा चेहरा कितीतरी वर्षांनी असा पाहिला. सुरी धुऊन, पुसून, ओट्यावर फडक्यावर आडवी ठेवलेली. धार बघू का म्हटलं, तर म्हणाली, पुढच्या रविवारी.

घरी येताना मी बरोबर केलं असं वाटलं. पहिल्यांदाच.

३० मार्च

शेजारणीचा फोन. लगेच निघालो.

१९ एप्रिल

आज ताईला दवाखान्यातून माझ्याकडे आणलं. या वेळचा झटका डाव्या अंगावर. बोलणंही गेलं. मागच्या खोलीत झोपवली आहे, पलंग आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणाले, आता हिला एकटीला ठेवायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे इथेच राहणार. दुपारी मऊ भात भरवला. घास मोठा झाला की ती ओठ मिटून घेते. मग मी लहान करतो.