सिद्धाप्पाचं पाऊल

३ जून १९७४
आजपासून टिश्यू बँक सुरू. आमच्या मेडिकल कॉलेजात, पॅथॉलॉजीच्या मागच्या खोलीत, फॉर्मेलीनच्या बरण्यांत, माणसांच्या शरीराचे नमुने. पुढच्या पिढ्यांच्या संशोधनासाठी! असं काम पुण्यातही नाही. (चौकशी केलेली नाही.) दोन वर्षांत लेक्चररचा रीडर होणार.

९ जून
पहिला मोठा नमुना. अक्कलकोटकडचा शेतकरी, सिद्धाप्पा. तळपायाचा कॅन्सर, डावं पाऊल कापलं. शुद्धीवर येताच त्यानं ते परत मागितलं. लिंगायत. म्हणाला, आमच्यात बसवून पुरत्यात की सायेब, मांडी घालाया दोनी पाय लागत्यात. शब्द दिला : वेळ येईल तेव्हा परत, तोवर विज्ञानाकडे. त्याला अभिमान वाटला असावा. भिंतीकडे तोंड करून झोपला.

१२ जून
लेबलं स्वतः लिहिली. निळी शाई, मोत्यासारखं अक्षर. अटेंडंट तात्याबा म्हणाला, बरणीच्या आत जातंय ते शिसपेन्सिलीनं लिवा, शाई टिकत न्हाय. बरण्या धुणारा आता मला शिकवणार!

३० जुलै
लेबलं कोरी. बरण्यांत पाणी निळसर. हल्ली शाईत भेसळ फार. तात्याबानं एक शिसपेन्सिल आणून माझ्या टेबलावर ठेवली, ते मला आवडलं नाही. उद्या रजिस्टरवरून कुठली बरणी कुणाची ते लावून घेणार.

७ ऑगस्ट
रजिस्टर उद्या नक्की.

१९ ऑगस्ट
परवा युनिव्हर्सिटीची कमिटी. बिननावाच्या बरण्या वाईट दिसतात. निम्म्या भट्टीत पाठवल्या. पावलं दोन होती, त्यातलं सुबक ठेवलं. तात्याबा विचारत होता, कुणाचं. म्हटलं, शास्त्रात माणूस नसतो, नमुना असतो. वाक्य झकास जमलं. रिसर्च पेपरात घालावं.

२१ ऑगस्ट
कमिटी चार मिनिटं थांबली, तीही नाकाला रुमाल लावून. एकानं विचारलं, इथं सायकल स्टँड होईल का. जळतात लेकाचे.

११ सप्टेंबर, दुपार
पुन्हा दाखल झालेला सिद्धाप्पा सकाळी वॉर्डात वारला. बायको, जगदेवी, पाऊल न्यायला आली आहे. प्रेत बाहेर टेम्पोत. मी शब्दाचा पक्का. पाऊल धुऊन पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं. देताना दोन शब्द बोलणार. पाऊल म्हणजे पाऊल, मातीला काय कळतंय.

संध्याकाळी
तिनं तिथंच फडकं सोडलं. म्हणाली, ह्यो उजवा हाय. मी म्हणालो, फॉर्मेलीननं आकार बदलतो. तिनं अंगठ्यावर बोट ठेवून दाखवलं. मग विचारलं, आमचा कुटं हाय? मी रजिस्टर चाळू लागलो. तात्याबानं सांगितलं, जाळला.

ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फडकं पुन्हा नीट बांधलं. म्हणाली, ह्योबी कुणाचा तरी असंल की. हितं नको ऱ्हायला. आमी नेतो, माती देतो. आणि ते पोटाशी धरून टेम्पोत चढली.

लाज वाटली. अजून वाटते आहे. सिद्धाप्पाला आता कसं बसवणार, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.