सरपंच पोपटाची साक्ष

प्रिय सातुर्निनाबाई,

हे पत्र तुमचा जावई, माझा विल्दर, तुम्हाला वाचून दाखवेल. माझ्याच पोटच्या पोराच्या तोंडून माझी फजिती ऐकवायची म्हणजे मलाच कसंसं होतंय. पण तुम्हाला अक्षरओळख नाही आणि परक्या माणसाने वाचलेलं तुम्हाला आवडणार नाही. त्याला बजावलंय, एक ओळ गाळायची नाही. विल्दर, खाकरत बसू नकोस, वाच पुढे.

तुम्ही गेल्यापासून इकडे पाऊस धड नाही, ऊन धड नाही. कोको सुकत घातला की आभाळ येतं. शेजारच्या ओल्गाची डुकरीण व्याली आणि सगळी पिल्लं ओल्गाच्या नवऱ्यासारखी दिसतात, असं मी म्हटलं तर ती दोन दिवस बोलली नाही. बघा, अजून माझी खोड जात नाही. घरात मात्र थट्टा बंद आहे. तुमची नेलिदा माझ्याशी ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे बोलत नाही. आपली नात मारिसिएलो रोज विचारते, “डोंगरावरची आजी कधी येणार?” तिला काय सांगू?

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला आला होतात. बटाट्याचं पोतं, भाजलेला मका, आणि आमच्या या उकाड्यात डोक्यावर ती जाड टोपी. मी दारातच म्हटलं, “अहो बाई, टोपी काढा, आत डोक्याचा उकडलेला बटाटा होईल.” तुम्ही तोंडावर हात धरून हसलात. दरवर्षी येत होतात तेव्हाही हसायचात. मला वाटलं, हिला चालतं. माझा नवरा एलिसेओ होता तोवर माझी सगळी थट्टा त्याच्या वाट्याला. तो गेला आणि मला गिऱ्हाईकच उरलं नाही. मग तुम्ही मिळालात.

तुमच्यासमोर केलेली थट्टा सोडून द्या. तुमच्यामागे केलेली सांगायची आहे. तुम्ही काही मागताना दोन्ही हात पोटाशी धरता, मान खाली घालता, आणि तुमच्या डोंगरी जिभेने ‘मीठ’चं ‘मेठ’ होतं. गेल्या वर्षी तुम्ही परत गेलात आणि मी डोक्यावर भाताचं पातेलं उपडं घालून बायकांना करून दाखवलं. “ताई, थोडं मेठ घेतलं तर चालेल का?” ओल्गा हसून हसून जमिनीवर बसली. मग काय, मला चेवच चढला. ओढ्यावर धुणं धुताना, कोको फोडायला बसल्यावर, कुणाच्या घरी मयताला जागायला गेल्यावरसुद्धा कुणीतरी म्हणायचं, “सोराइदा, ती डोंगरीण कर ना.” आणि मी करायची. घरी बायका जमल्या की तेच, आणि स्वयंपाकघराच्या दारावर बसून आमचा पोपट ते महिनोन्महिने ऐकत होता.

त्याचं नाव सरपंच. खातो भरपूर, बोलतो भरपूर, काम शून्य. यंदा ईस्टरच्या सुमारास जंगलखात्याची माणसं येऊन सांगून गेली, रानातलं पाखरू घरात ठेवायचं नाही. मग गावाने मिळून ओढ्याकाठी ते छोटं प्राणिघर काढलं. कुणी माकड दिलं, कुणी कासव, पंजा तुटलेली ती रानमांजर कुणाच्या तरी फाशात सापडलेली. मी सरपंचाला दिलं आणि घरी येऊन त्याच्या रिकाम्या दांडीखाली बसून रडले. नवऱ्यासाठी रडले त्यापेक्षा जास्त, असं ओल्गा म्हणते. तिला काय कळतंय.

सान हुआनच्या सणाला तुम्हाला तिथे न्यायची हौस माझीच. नेलिदा म्हणत होती, “आई, मला चालवत नाही, ओढ्यावरच बसू.” मी ऐकलं नाही. मला माझा पोपट मिरवायचा होता. पानात बांधलेला भात घेतला, जनावरांसाठी केळ्यांचा घड घेतला, कारण तिथे तिकीट म्हणजे फळंच. अर्धं गाव तिथे लोटलेलं. तुम्ही त्या रानमांजरीपाशी किती वेळ उभ्या होतात. तिच्याशी तुमच्या भाषेत काहीतरी बोललात आणि ती जाळीपाशी आली. मला हेवा वाटला. मी म्हटलं, “चला, चला, आमचा सरपंच बघा, माणसापेक्षा शहाणा आहे.”

तुम्ही त्याला केळं दिलंत. त्याने तुमच्या टोपीकडे एक डोळा लावून पाहिलं. मग माझ्या आवाजात, अगदी माझ्या, म्हणाला, “ताई, थोडं मेठ घेतलं तर चालेल का?” आणि पुढे माझंच हसू हसला.

तुम्हाला तेवढ्यावर कळलं नसतं. तुम्ही बिचाऱ्या म्हणालात, “मेठ मागतोय, द्या ना त्याला.” पण मागे उभं असलेलं सगळं गाव हसलं. पोपटाला नव्हे, विहीणबाई. त्या सगळ्यांना तो खेळ पाठ होता. तुम्ही एकेका तोंडाकडे पाहत गेलात आणि शेवटी माझ्याकडे. मी काय करावं? मी म्हटलं, “मेला, कुठून शिकून आला! ते राखणदारच शिकवत असतील.” तेव्हा मारिसिएलो टाळ्या वाजवत ओरडली, “नाही गं, तू शिकवलंस! तू पातेलं घालून करतेस ना, अशी!” आणि तुमच्या नातीने हात पोटाशी धरले, मान खाली घातली आणि तुम्ही झाली. हुबेहूब. माझ्याहून चांगली.

तुम्ही तिच्या केसांवरून हात फिरवलात आणि एवढंच म्हणालात, “चला, पोरीला ऊन लागतंय.” घरी येऊन तुम्ही भात खाल्लात. काही मागितलं नाहीत. सकाळी चूल पेटवून, अंगण झाडून, बस पकडायला गेलात. नेलिदाने पाय धरले तरी थांबला नाहीत. तेव्हा मी परसात कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. तोंड नव्हतं, म्हणून मागे वळले नाही. वळायला हवं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. नेलिदा परवा बाळंत झाली. मुलगी आहे, दोघी सुखरूप आहेत, घाबरू नका. पण कळा सुरू झाल्या तेव्हा ती आमची भाषा विसरली. तुमच्या भाषेत एकच शब्द ओरडत होती आणि उठायला बघत होती. सुईण मला विचारते, “काय मागतेय ती?” मला काय ठाऊक! वर्षभर तुमचा आवाज काढून गाव हसवलं मी, पण तुमचा एक शब्द कधी विचारला नव्हता. आम्हाला वाटलं, पोरगी भ्यालीय. सुईणीने पाय धरले, मी खांदे दाबले आणि आम्ही तिला आडवीच ठेवली. ती मला चावली. बाळ आल्यावर, घामाने भिजलेली, तिने आमच्या भाषेत सांगितलं, “मला धरा म्हणत होते. पाठीमागून धरून बसती करा. आमच्याकडे आई धरते.”

दाताचा वण अजून आहे. तो जाऊ नये असं वाटतं.

म्हणून विल्दरला पाठवतेय. तुम्हाला घेऊनच ये, असं त्याला म्हटलेलं नाही. तुम्ही सांगाल तेवढे दिवस थांब आणि नाही म्हणालात तर बटाटे काढू लागून परत ये, एवढंच म्हटलंय. तुम्ही येणार असाल तर मी ओल्गाकडे जाऊन राहीन, घर तुमचं. लोकांना मी ओढ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, हा खेळ संपला, आणि यापुढे जो करील त्याने माझ्या दारात यायचं नाही. कुणी हसलं नाही. मारिसिएलोला समजावते आहे, पण तिच्यात घातलेलं काढणं मला एकटीला जमत नाही. आणि नेलिदा भिंतीकडे तोंड करून निजते. बाळाशी हळूहळू तुमच्या भाषेत बोलते. उठताना तिला आधार लागतो. मी हात लावला की अंग आखडून घेते आणि एकटीच उठते. तिला धरायला तुम्ही या.

शरमलेली, पण तुमचीच,
सोराइदा