मिस अर्लीन दोन मात्रा खातात

सोमवार, ३ ऑक्टोबर १९९४

माझ्या लहानपणच्या दोस्ताचा, लुशियसचा फोन! न्यूयॉर्कहून, सकाळी, मी दुकान उघडत होतो तेव्हाच. बहिणीचं ऑपरेशन आहे म्हणून दोन आठवडे पिट्सबर्गला येतोय. "क्लबात रविवारी दुपारी अजून जमता का रे तुम्ही?" — जमतो म्हटलं. "मग तेवीस तारखेला मी येतो. दोन गिटार. तू आणि मी."

त्यानंतर एका बाईच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवून दिली. बिचारी दारापर्यंत जाऊन परत आली.

एकोणसाठ सालानंतर आम्ही एकत्र वाजवलेलं नाही. तो घरी यायचा, भेटायचा, जेवून जायचा. गिटारची गोष्ट निघाली की माझ्याकडे काहीतरी काम निघायचं. या वेळी एकही आठवलं नाही.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

एझेलच्या सलूनमध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. "आता कळेल लोकांना!" एझेल कात्री हवेत नाचवत म्हणाला. "लुशियसचं नाव झालं, रेकॉर्डी निघाल्या, युरोपात फिरून आला. पण हात कोणाचा? रॉस्कोचा! रॉस्को त्याच्याहून सरस होता." ओळीनं बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी आपलं "छे, छे" केलं. करायचं असतं. पण इथे खोटं कशाला लिहू? हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी केस पुरते वाढायच्या आधीच तिथे जातो. पस्तीस वर्षं मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवतोय, आणि या एका वाक्यावर माझं बरं चाललंय.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

तळघरात रोज सराव. माझी बायको व्हर्डेल वरून ओरडली, "अरे, जेवायला ये की! का गिटारच खाणारेस?"

बोटं चालायला लागली की जुनं सगळं वर येतं. लुशियसच्या आईचं स्वयंपाकघर, कढईत मासे, आणि टेबलावर तिचा रेकॉर्ड प्लेअर. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड आम्ही सोळाच्या वेगावर लावायचो. मग सगळं निम्म्या चालीनं, खालच्या सुरात, रेडा रेकल्यासारखं. एकेक तुकडा पकडायचा, सुई उचलायची, पुन्हा ठेवायची. त्याची आई म्हणायची, "अरे, त्या माणसाला एकदा तरी पुरतं वाजवू द्या!" तुकडा आधी माझ्या हातात यायचा. नेहमी. लुशियस आपला गिटारच्या दांडीवर चाचपडत बसलेला. हे काही मी मनानं रचलेलं नाही.

मग वायली ॲव्हेन्यूवरच्या क्लबात एक ऑर्गनवाला आपला बँड घेऊन आला, त्याचा गिटारवाला आजारी पडला, आणि कोणीतरी आमची नावं सांगितली. तो क्लबच्या मागच्या दारात सिगारेट ओढत उभा. "दोघांतलं कोण येतंय? उद्या क्लीव्हलंड, परवा टोलेडो, पुढचं पुढे." मला सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात लागायचं होतं. बापानं कोणाकोणाचे पाय धरून ती जागा मिळवली होती. मी म्हटलं, मला सोमवारी कामावर जायचंय. लुशियसला सोमवारी काहीच नव्हतं.

किती मजेचे दिवस होते! मासे, तेलाचा वास, रेड्याचं रेकणं. आज त्या घराच्या जागी गाड्या उभ्या करतात.

बुधवार, १२ ऑक्टोबर

आला! पोट सुटलंय, केस गेलेत, हसणं तेच. व्हर्डेलला उचलून गरकन फिरवलं. "सोड मेल्या, कंबर मोडेल! तुझी!"

पहिला सराव तळघरात. त्याची गिटार बघून मला लाज वाटली — म्हणजे माझ्या गिटारची. माझी आरशासारखी चकचकीत, दर रविवारी पुसलेली. त्याच्या गिटारचं लाकूड जिथे हात घासतो तिथे पांढरं पडलंय. "मस्त आहे रे तुझी," म्हणाला, "इतकी भारी आमच्यात कोणाला परवडत नाही."

ड्रम्सवर डॉ. पर्नेल. दातांचा डॉक्टर आहे, ड्रम्स मात्र भूल न देता वाजवतो. ऐन रंगात आला असताना त्यानं डोकं खाजवलं. झालं! डोक्यावर हात म्हणजे मूळ चालीवर परत, हे आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. बासवाला परत, मी परत, पर्नेल एकटाच पुढे ठोकतोय! "अरे, कोंडा आहे मला, कोंडा!" लुशियस हसून हसून खुर्चीवरून घसरला.

आणि एक. लुशियस फारसं वाजवतच नाही. चारपाच तारा एकदम छेडून एक कॉर्ड, मग थांबतो. दोन सूर, मग थांबतो. मी त्याच वेळात केवढं काय काय वाजवून मोकळा. मनात म्हटलं, एवढंच? आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

बोटांना फोड. खुशीत आहे!

रविवार, १६ ऑक्टोबर

मिस अर्लीन सरावाला आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षं, जांभळी टोपी, हातात काठी. एके काळी त्या गायला उभ्या राहिल्या की वायली ॲव्हेन्यूवरचे लोक ग्लास खाली ठेवायचे. आता रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि दुपारी आमच्यात. तेवीस तारखेला त्याच गाणार, यावर कोणाचं दुमत नाही.

अडचण एकच. मधल्या ओळीच्या शेवटी त्या दोन मात्रा खातात. दम पुरत नाही, मग पुढची ओळ लवकर उचलतात. दरवेळी नाही. कधी खातील त्याचा नेम नाही. मी आदबीनंच म्हटलं, "मिस अर्लीन, तिथे दोन मात्रा कमी पडतायत."

"पोरा," त्या म्हणाल्या, "तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी हे गातेय. कमी पडत असतील तर तुझ्या खिशातल्या घाल."

सगळे हसले. लुशियस तेवढा आपल्या बुटाकडे बघत होता.

गुरुवार, २० ऑक्टोबर

व्हर्डेल जिन्यात बसून ऐकत होती. रात्री भांडी विसळताना म्हणते, "लुशियस सगळा वेळ मिस अर्लीनच्या तोंडाकडे बघत असतो. आणि तू आपल्या बोटांकडे."

हिला संगीतातलं काय कळतं! बोटांकडे नाही बघायचं तर काय छताकडे बघायचं?

पण आज सराव करताना मान वर करून बघितली. तीन जागी चुकलो. पुन्हा खाली घातली.

रविवार, २३ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

क्लब खच्चून भरला होता. एझेल पहिल्या रांगेत, लाल टाय लावून. पहिली तीन गाणी — मी इतकं चांगलं आयुष्यात कधी वाजवलं नाही. मी एकटा पुढे वाजवत होतो तेव्हा लोक "हां! हां रॉस्को!" म्हणत होते. लुशियसनं माझ्या मागे साथ केली आणि मला वाटलं, अरे, आज माझ्या हातात काय शिरलंय? जे वाजवावं ते शोभतंय! मी चुकत कसा नाहीये?

मग मिस अर्लीन. पहिली फेरी गोड. दुसरीत मधली ओळ, आणि त्यांनी दोन मात्रा खाल्ल्या.

मी मात्रा मोजत होतो. मला ठाऊक होतं मी कुठे आहे, आणि मी बरोबर होतो! लुशियस त्यांच्याबरोबर केव्हाच पुढे गेलेला, त्याच्यामागे बासवाला. पर्नेल बिचारा अधांतरी. मी बरोबर जागी ठाम उभा राहून जोरात कॉर्ड मारत होतो — त्यांना जागा दाखवावी म्हणून. तो कॉर्ड त्यांच्या सुरावर असा आदळला की समोरच्या बाईनं डोळे मिटून घेतले. मिस अर्लीन थांबल्या. काठी चाचपायला लागल्या. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. म्हाताऱ्या दिसल्या एकदम.

लुशियसनं स्वतःच्या डोक्यावर थाप मारली. सगळे मूळ चालीवर. त्यानं एकट्यानं दोन ओळी अशा सावकाश वाजवल्या, जणू हे असंच ठरलं होतं, आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्या पुन्हा गायल्या. शेवटी लोक उभे राहिले. अर्ध्यांना काही कळलंही नाही.

एझेलला कळलं. तो टाय नीट करत बसला होता.

सोमवार, २४ ऑक्टोबर

काल गाडीत लुशियसशी भांडलो. म्हटलं, "त्या चुकल्या! मी बरोबर होतो!"

"होतासच."

"मग?"

"मग काय? त्या तोंडघशी पडल्या ना, लेका."

मग म्हणाला, "हे बघ, गाणाऱ्यानं मात्रा खाल्ली की तिथे मात्रा नव्हतीच. चुकू दे त्याला. आपण असं वाजवायचं की चूक आपल्या अंगावर यावी, नाहीतर कोणाच्याच नाही. मला पैसे त्याचेच देतात, दुसरं काही नाही. बोटं तर तुझी माझ्याहून बरी चालतात."

आज दिवसभर दुकानात तेच डोक्यात. मी एकटा वाजवत असताना मला वाटत होतं, मी चुकत कसा नाहीये! मी चुकत होतो. तो माझ्या मागे साथ बदलून प्रत्येक चूक झाकत होता. तळघरातसुद्धा. एक कॉर्ड, मग थांबणं — ते थांबणं माझ्यासाठी होतं.

व्हर्डेलला सांगितलं. तिनं मला जवळ घेतलं, आणि "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. हे तिच्या हिशेबानं फार झालं.

संध्याकाळी मिस अर्लीनकडे गेलो. माफी मागितली. "बस, पाय पूस आणि पाय खा," म्हणाल्या — ॲपल-पाय केला होता. कालचा विषय त्यांनी काढूच दिला नाही.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

लुशियस गेला. दुपारच्या बसनं. दुकानात गिऱ्हाईक होतं, स्टँडवर जाता आलं नाही. एकोणसाठ साली तो गेला तेव्हाही मी दुकानातच होतो.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

गिटार पेटीत ठेवली. एझेलकडे जायचं कसं? तो पुन्हा "रॉस्को सरस" म्हणाला तर ते दयेनं असेल, आणि नाही म्हणाला तर मी काय ऐकायला जाणार? त्याला स्वतःच सांगून टाकावं झालं.

शनिवार, २९ ऑक्टोबर

गेलो. खुर्चीत बसायच्या आधीच म्हटलं, "एझेल, ते सरस-बिरस आता पुरे. रविवारी ऐकलंस तू."

"मी कुठे माझ्या मनानं म्हणतो?" तो वस्तरा पुसत म्हणाला. "मी सहासष्ट साली अलाबामाहून आलो. तुम्हा दोघांना पोरवयात मी ऐकणार कुठून? लुशियस सांगतो ना! घरी आला की याच खुर्चीत बसतो आणि सगळ्या दुकानाला सांगतो. दरवेळी. या मंगळवारीही सांगून गेला, बस पकडायच्या आधी."

मंगळवारी. रविवारनंतर!

दुकानात परत येऊन न्यूयॉर्कला फोन लावला. "मी रॉस्को," एवढं म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. मी सुरू करीपर्यंत तो थांबला.