लताच्या रुखवतातला ओव्हन

४ मार्च १९८४
ओव्हन आणला. बदली झालेल्या एका साहेबांनी सामान विकायला काढलं होतं, त्यातला. पुढे काचेचं दार, आत दोन कांड्या, लालभडक होतात. आमच्या कॉलनीत असा पहिलाच. मे महिन्यात लताचं लग्न. रुखवतात लाडू-करंज्या कोणीही मांडतं. माझ्या लेकीच्या रुखवतात तीन मजली केक, तोही घरच्या ओव्हनमधला! व्याही देवळाली कॅम्पचे, छावणीत साहेबी खाणं पाहिलेले. त्यांना किंमत कळेल.

८ मार्च
पहिला केक. डावीकडून कोळसा, उजवीकडून नुसतं पीठ. मधली दोन बोटं मात्र फर्स्ट क्लास. म्हणजे जमतंय.

११ मार्च, सकाळी
दार नीट लागत नाही. लाटणं टेकवलं, लागलं. डोकं लागतं. सौ. मालनला नेमक्या तेव्हाच पोळ्या करायच्या होत्या. म्हटलं, बाटलीने लाट. तिने बाटली घेतली आणि दणादण पोळ्या लाटल्या. ओव्हनचं महत्त्व पटलं असावं.

१९ मार्च
हात लावला की करंट बसतो. किरकोळ बाब. उपाय शोधला: रबरी चपला घालून पाटावर उभं राहायचं. मालनचा आरडाओरडा, देवाच्या पाटावर चपला घालून उभे राहता, लाज कशी वाटत नाही म्हणून. पाट देवाचा नव्हता, जेवायचा होता. बायका फार वाढवून बोलतात.

१ एप्रिल
फ्यूज गेला. चारही बिऱ्हाडं अंधारात. शेजारचा धोंडीराम बनियनवर दारात हजर. म्हणाला, भाऊसाहेब, केक झाला असेल तर लाइट द्या. कुचका माणूस. त्याला व्होल्टेजचा प्रॉब्लेम समजावून सांगितला. ऐकून न घेताच गेला.
संकल्प: उद्यापासून रोज सराव.

२ एप्रिल
सराव नाही. फ्यूजची तार संपली.

२२ एप्रिल
लता म्हणाली, अण्णा, राहू द्या ना, मला केक नको, लग्नात तुम्ही धडधाकट असलात म्हणजे झालं. पोर संकोची. बापाला त्रास नको म्हणून बोलते. गलबलून आलं. आता तर केक होणारच.

१३ मे
लग्न झालं. केकचा एकच मजला उभा राहिला. जळकी बाजू भिंतीकडे केली. रुखवत बघायचं असतं, चाखायचं नसतं. पूर्वजांनी किती विचार केलाय! उरलेल्या दोन मजल्यांची भरपाई म्हणून ऐन वेळी ओव्हनच झेंडूची माळ घालून शेजारी मांडला. लेकीला दिला, कायमचा. विहीणबाई, विमलाबाई, त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. दिपल्या असाव्यात.
निघताना लता गळ्यात पडून रडली. घर खायला उठलंय.

२८ मे
लता राहायला आली. तोंड उतरलेलं. मालननं खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. ओव्हनने तिथे दोनदा फ्यूज उडवला. व्याही खंडेराव यांना करंट बसला. लताने सगळ्यांना सांगितलं, म्हणे, अण्णांचा ओव्हन चांगला आहे, मलाच वापरता येत नाही. तेव्हापासून तिला शेगडीजवळसुद्धा फिरकू देत नाहीत. बस तू, म्हणतात. ही सून कामाची नाही, असंच त्यांच्या मनात बसलं असणार, म्हणून पोर झुरतेय.
मी विचारलं, पाटावर उभी राहिली होतीस का? दोघी उठून आत गेल्या. नंतर मालन एवढंच म्हणाली, ओव्हनचं नाव राखायचं की पोरीचं, तुमचं तुम्ही ठरवा.
जेवण गेलं नाही.

३ जून
लताला पोचवायला दोघंही देवळाली कॅम्पला गेलो. बसमध्ये भाषण तयार केलं होतं. व्होल्टेजपासून सुरुवात करणार होतो. खंडेराव, विमलाबाई समोर बसले आणि सगळं विसरलो. सांगून टाकलं: ओव्हन पहिल्या दिवसापासून बिघडलेला आहे. केक मागून जळका होता. माझ्या पोरीचा काही दोष नाही, तिला नावं ठेवू नका.
विमलाबाई गोंधळल्याच. म्हणाल्या, अहो, नावं कोण ठेवतंय? पहिल्यांदा प्लग मी लावला, फ्यूज माझ्या हातून गेला. ही तेव्हा न्हाणीघरात होती. तशीच ओल्या केसांनी धावत आली आणि म्हणाली, माझंच चुकलं. बापाचं नाव एवढं राखते, आमचंही राखेल, म्हणून आम्ही गप्प बसलो.
मग शेगडीजवळ का येऊ देत नाही, मालननं विचारलं. तर म्हणाल्या, नव्या सुनेला पहिला महिना काम सांगायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. सासूबाईंनी मलाही नव्हतं सांगितलं.
लता पदर तोंडाला लावून बसली होती. रडतेय की हसतेय, कळेना.
खंडेराव म्हणाले, साहेब, पोरगी आमची झाली. ओव्हन तेवढा जाताना घेऊन जा.
मालन मोठ्याने हसली. मी बशीत चहा ओतला आणि पीत राहिलो.