सुताच्या पकडी

कोल्हार,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी २०२५

श्रीमती छबूबाई यांना,
गीताबाईचा नमस्कार.

वर सवयीने 'सौ.' लिहून गेले होते. हात थांबला, कागद फाडला आणि दुसरा घेतला. सहादेवरावांना जाऊन येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हा कोल्हारातून कोणी आलं नाही. यायला हवं होतं ते मी. एसटीने तासाभराची वाट आहे.

इकडे सगळे बरे आहेत. आमच्या ह्यांचे गुडघे थंडीत धरतात, बाकी ठीक. ऊस गेला, आता रानात कांदा आहे. अंगणवाडीतून मी निवृत्त झाले, त्यालाही वर्ष होईल. दुपारी चार-पाच बायका घरी येतात, त्यांना क्रोशाचं विणकाम शिकवते. पूर्वी मी तोरणं, रुमाल, रुखवतातले राघू-मैना विणायचे, ते सगळं सोडलं. आता फक्त स्वयंपाकघरात लागणाऱ्या वस्तू. तापलेल्या भांड्याखाली ठेवायच्या चकत्या, भांडी पुसायची फडकी, कांदे-लसूण टांगायच्या जाळीच्या पिशव्या, आणि गरम भांडं उतरवायच्या पकडी. लोखंडी नव्हे, सुताच्या. बायका विचारतात, "बाई, फुलं कधी शिकवणार?" मी म्हणते, आधी हे करा.

या पत्रासोबत एक पुडकं आहे. गहिनीनाथ दुधाचा टेम्पो घेऊन बेलापूरला जातो, त्याच्याकडे दिलंय. त्यात दोन पकडी आहेत. नेहमीसारख्या चौकोनी नाहीत, पिशवीसारख्या आहेत. हात आत सरकवायचा, बोटं मिटावी लागत नाहीत. मागच्या तारखेला कोर्टाच्या ओसरीवर तुम्ही पाण्याची बाटली दोन्ही तळव्यांत धरून प्यालात, ते मी पाहिलं. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत तुमची. घरी आले आणि त्याच संध्याकाळी दोरा काढला. सगळं मुक्या खांबाने, म्हणजे आखूड टाक्याने, घट्ट विणलंय, दोन थरांत. लांब खांब घातले की मधे फटी राहतात आणि वाफ लागते. दोरा शुद्ध सुती आहे. लोकरीचा एक धागाही त्यात नाही.

आपली नात संस्कृती आता दुसरीत असेल. तिला पाहून तीन वर्षं झाली. तिची उंची किती झाली, दात पडले का, काही ठाऊक नाही. विचारायचा हक्क नाही, तरी विचारते.

फोन करणार होते, पण माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला असता. ते बरोबरच झालं असतं. माझी दीपा सांगायची, आत्याबाई चौथीपर्यंत शिकल्यात, पेपर रोज वाचतात. म्हणून लिहिते आहे.

वीस तारखेला माझी साक्ष आहे. त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे. तीन दिवस झाले, कांदा, गुडघे असलंच लिहून कागद ठेवून देते. आज लिहिणार.

दीपाला नगरच्या दवाखान्यात आणलं त्या संध्याकाळी ती शुद्धीत होती. तिचा भाऊ सचिन खाली औषधं आणायला गेला होता, हे बाहेर बाकावर बसलेले. तिच्याजवळ मी एकटी. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, दूध उतू चाललं होतं गं. पदरानंच पातेलं धरलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आत्याबाईंचे हात बघ. मला इझवताना त्यांचे हात भाजले. त्यांना औषध लाव म्हण."

एवढंच बोलली. रात्रीतून ताप चढला. सकाळी जबाब घ्यायला माणसं आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बोलण्याच्या स्थितीत नाही. चौथ्या दिवशी गेली.

सचिनच्या डोक्यात आलं की सासूनेच पेटवली. चुलीसारखं पेटलं होतं पोराचं डोकं. तुमचे भाजलेले हात बघून तो म्हणाला, "हीच खूण हाय." ठाण्यात हवालदाराने मला विचारलं, "मुलगी मरायच्या आधी काही बोलली का?"

मी म्हणाले, "नाही."

त्या एका शब्दावर तुम्ही आणि तुमचा सुनील दीड महिना आत होतात. तुमच्या हातांना पट्ट्या होत्या, त्या आत कोणी बदलल्या असतील का, हा विचार मला तेव्हाही यायचा. यायचा आणि मी उठून काहीतरी काम करायला लागायचे. सहादेवराव वकिलाकडे, तालुक्याला, पुन्हा वकिलाकडे, असे हिंडत राहिले आणि त्यातच गेले. सासू-सुनेत काय छळ होता म्हणून गावाने विचारलं, तर मी मान खाली घालायचे. लोक समजायचे, होता.

छळ नव्हता. दीपा दिवाळीला आली की चार दिवसांत परत जायला बघायची. म्हणायची, "आत्याबाईंना एकटीला जमत न्हाई." मला त्याचा रागच यायचा, खरं सांगते.

आता तुम्ही म्हणाल, मग असं का केलंत? हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

तिच्या लग्नात मी चार पकडी दिल्या होत्या. घरात राहिलेल्या लोकरीच्या. लाल, हिरव्या, दिसायला छान. बाजारातली ती लोकर खरी लोकर नसते, प्लास्टिकसारखी असते, तापलं की वितळते. मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. ऐकलं होतं, पण रंग सुंदर होते. त्या शेवटच्या दिवाळीत दीपा म्हणाली, "आई, त्या पकडी पातेल्याला चिकटतात. एक तर वितळून माझ्या बोटाला लागली. दोन सुती करून दे ना." मी म्हणाले, देते. माझ्याकडे तेव्हा तीन लग्नांच्या रुखवताचं काम होतं. ती जाताना पुन्हा म्हणाली. नंतर फोनवर दोनदा म्हणाली. दुसऱ्या वेळी हसत होती. "राहू दे, पदर हाय की मला," म्हणाली. मी म्हणाले, पुढच्या रविवारी नक्की. सुती पकड विणायला एक दुपार लागते, छबूबाई. एक दुपार.

शुक्रवारी सकाळी तिचा पदर पेटला.

हवालदाराला मी 'पदर' म्हणाले असते, तर पकडी का नव्हत्या, असं कोणी विचारलं नसतं कदाचित. मी मला विचारलं असतं. तुमच्यावर ढकललं की ते विचारावं लागत नव्हतं. पहिले सहा महिने तर मला खरंच वाटायला लागलं होतं की ती काही बोललीच नाही.

वीस तारखेला मी खरं सांगणार आहे. हे पत्र तुम्ही वकिलाला दाखवलंत तरी चालेल. पुडकं नको असेल तर गहिनीनाथकडे परत द्या, मी त्याला काही विचारणार नाही.

आपली,
गीता रखमाजी


कोल्हार,
मंगळवार, ता. १५ जुलै २०२५

श्रीमती छबूबाई यांना नमस्कार.

निकाल लागून तीन आठवडे झाले. तुम्ही आणि सुनील सुटलात. त्या दिवशी मी कोर्टात आले नाही. तुमच्या सुटकेच्या वेळी माझं तोंड समोर नको, असं वाटलं.

साक्षीच्या दिवशीचं मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, "तेव्हा पोलिसांना तुम्ही 'काही बोलली नाही' असं सांगितलंत, मग आज हे कुठून आलं?" मी म्हणाले, तेव्हापासूनच आहे, सांगितलं नव्हतं. त्यांनी मला फितूर ठरवलं. तो शब्द ऐकून मी खाली बघितलं. त्यांच्या दृष्टीने मी त्या दिवशी फितूर झाले होते. मी तर साडेतीन वर्षांपूर्वीच झाले होते, दीपाला.

नंतर ओसरीवर मी तुमच्याजवळ आले. तुम्ही म्हणालात, "आज खरं बोल्ल्या, बरं झालं. पर आमचं मालक ऐकायला न्हाईत." आणि चप्पल घालून निघालात.  

सचिन त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. परतीच्या गाडीत तो पुढे बसला होता. घराशी उतरल्यावर म्हणाला, "मी तिच्यासाठी भांडत हुतो, आई. तुला म्हाईत हुतं, अन् तू मला भांडू दिलंस." पंधरा दिवसांत बायको-मुलांना घेऊन नगरला राहायला गेला.  आमचे हे आठवडाभर जेवण वाढलं की ताट घेऊन ओट्यावर जायचे. मग एके दिवशी आतच जेवायला बसले. लोकरीच्या पकडींचं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच हुतं कायतरी हाय. तू राघू-मैना सोडल्या तवाच." आणि भाकरी मोडत राहिले.

दुपारच्या बायकांतल्या दोघी यायच्या बंद झाल्या. तिघी येतात. त्यांना मी सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांच्यापुढे सुई धरवत नव्हती.

हे लिहायला बसले ते परवाच्या रविवारबद्दल. सकाळी दहाच्या सुमारास फाटकाशी मोटारसायकल थांबली. सुनील होता. पाठीमागे एक मुलगी, दोन वेण्या, निळा फ्रॉक. मी तिला ओळखलं नाही. आपल्याच नातीला मी ओळखलं नाही, छबूबाई. सुनील म्हणाला, "आई आणायची न्हाई म्हणत हुती. काल रातच्याला म्हणाली, घिऊन जा, एक तास."

संस्कृतीने मला विचारलं, "तुम्ही कोण?" सुनील म्हणाला, "ही तुझ्या मम्मीची आई." तिने पायांकडे बघून नमस्कार केला, तुम्ही शिकवलाय तसा, दोन्ही हातांनी. मग घरभर फिरली. भिंतीवरचा दीपाचा शाळेतला फोटो बघून म्हणाली, "ही माझ्यासारखी दिसते." मी म्हणाले, तू तिच्यासारखी दिसतेस. ती म्हणाली, "तेच की."

मी तिला पोहे दिले. खाता खाता तिने विचारलं, "मम्मी कशानं मेली? शाळेतली पोरं म्हणतात, आजीनं मारली." सुनील उठून बाहेर गेला.

तुमची परवानगी घ्यायला हवी होती. पण ती माझ्याकडे बघत होती आणि आणखी एकदा 'माहीत नाही' म्हणणं मला जमलं नाही. मी सांगितलं, की दूध उतू चाललं होतं, मम्मीने पदराने पातेलं धरलं, पदर पेटला. तुझ्या आजीने हातांनी विझवलं, म्हणून आजीची बोटं तशी आहेत. शाळेतल्या पोरांना सांग, आजीने मारली नाही, आजी तिला वाचवत होती. आणि हे सांगायला मला उशीर झाला, म्हणून पोरं तसं बोलतात. हेही सांगितलं की मम्मीने माझ्याकडे भांडं धरायच्या पकडी मागितल्या होत्या आणि मी वेळेवर दिल्या नाहीत.

 पोहे तसेच राहिले. मग म्हणाली, "आजीला दुखलं असंल ना?" मी म्हणाले, खूप. त्यानंतर तिने पाणी मागितलं. माझ्याजवळ मात्र आली नाही. जाताना मी हात पुढे केला, तर ती बापाच्या मागे सरकली. बरोबर आहे तिचं. मी तिला फाटकापर्यंत पोहोचवलं आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिले.

तुम्ही तिला पाठवलंत. तुमच्या जागी मी असते तर पाठवलं नसतं. हे मी रात्रंदिवस घोळवते आहे आणि मला त्याचा अर्थ लागत नाही. तुम्ही मला माफ केलंत असं मी धरलेलं नाही. तसं काही मागणारही नाही, कारण मागितलं की तुम्हाला हो-नाही करावं लागेल, आणि माझ्यामुळे तुम्हाला आधीच पुष्कळ करावं लागलंय.

ती पुन्हा मला काही विचारायला येईल की नाही, ते तुमच्यावर आहे. आली तर जे विचारेल ते सांगेन. नाही आली तर तुम्ही तिला जे सांगाल ते खरं असेल, एवढं मला माहीत आहे.

सहादेवरावांच्या फोटोला माझा नमस्कार सांगा, असं लिहिणार होते. नको. तो तुमच्या तोंडून जायला नको. तुम्ही 'या' म्हणालात तर मी स्वतः बेलापूरला येईन, उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यांच्यापुढे हात जोडीन आणि परतीच्या एसटीने निघेन. नाही म्हणालात तरी मला समजेल.

तुमच्या होकाराची वाट पाहायचाही ज्यांना हक्क उरलेला नाही, त्यांतली एक,
दीपाची आई
गीता