म्हातारीचा शेंबूड

३ फेब्रुवारी, मंगळवार

म्हातारीच्या अंगावर पांढरा चट्टा उठलाय. काल नव्हता! की होता आणि मला दिसला नाही?

आमच्या प्रयोगशाळेच्या चार नंबरच्या टाकीतली म्हातारी — दादाने समुद्रातून आणलेलं शेवटचं प्रवाळ. सुरकुत्या बघून नावही त्यानेच ठेवलेलं. त्यानंतर महिनाभरात बुडी मारली ती मारलीच. वर आला नाही.

४ फेब्रुवारी

चट्टा अंगठ्याएवढा. मॅडमनी विचारलं, "हिला कुणी घासलं का?"

मीच. मागच्या आठवड्यात दादाचं वर्ष होतं. म्हटलं, त्याची म्हातारी जरा लख्ख दिसू दे. मऊ ब्रशने अंगावरचा सगळा बुळबुळीत थर काढला.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डोक्याला हात लावून स्टुलावर बसल्या. "अगं, त्या शेंबडातच तर तिचे राखणदार. चांगले जिवाणू! जागा अडवून बसतात, रोगाच्या जंतूंना टेकू देत नाहीत, वर त्यांना मारणारं रसायनही सोडतात. तू सगळे खरवडून काढलेस."

दहा वर्षं टाक्या धुतेय मी. दादा बजावायचा — "तिचं नाक पुसू नकोस हं!" मला मेलीला थट्टा वाटायची.

५ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "वन्सं, रविवारी पोरीला आणते. बाबांची म्हातारी बघायचीय म्हणते." बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

६ फेब्रुवारी

मॅडम आज हसतच आल्या. दादाने म्हातारीला आणलं त्याच दिवशी तिच्या अंगावरचे जिवाणू काढून घेतले होते म्हणे. ते वाढवून एका कुपीत भरून मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवलेत. "पुन्हा वाढवू, चट्ट्याच्या कडेने लेप देऊ. तिचेच राखणदार तिला परत! दुसऱ्या कुणाचे लावून भरवसा नाही." मग म्हणाल्या, "नशीब गारठ्यात आहेत. बाहेर आठवडाभरसुद्धा टिकले नसते."

सुट्टी होताच धावत घर गाठलं.

७ फेब्रुवारी

कुपी सापडेना. सगळ्यांनी मिळून फ्रीजर पालथा घातला. कप्पा न् कप्पा. मीही शोधत होते. शोधत होते! इतकं खोटं आयुष्यात वागले नाही. दादाबरोबर बुड्या मारणारा तो पाणबुड्या म्हणाला, "ताई, तुम्ही बसा जरा. चेहरा उतरलाय तुमचा."

चट्टा अर्ध्या अंगावर.

८ फेब्रुवारी, रविवार

पोर काचेला नाक लावून उभी. "आत्या, ही सगळी पांढरी का झाली गं?"

"म्हातारी आहे ना बाळा," म्हटलं. वहिनीने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी नळ सोडून बादली भरत बसले. बादली आधीच भरलेली होती.

९ फेब्रुवारी

म्हातारी गेली.

कुपी माझ्या कपाटात आहे. दादा गेल्यावर फ्रीजर आवरताना हाताला लागली. वर त्याचं अक्षर — 'म्हातारीचा शेंबूड. फेकू नये.' त्याच्या हातचं एवढं तरी आपल्याकडे असू दे म्हणून गुपचूप घरी आणली. आत काय आहे, विचारसुद्धा केला नाही.

फेकली नाही रे दादा. तुझ्या स्वेटरच्या घडीत जपून ठेवली — अकरा महिने, उबेत.